डायरीची दोरी

विमा कंपनी किती तगडी आहे हे ओळखायच्या दोन पद्धती मला ठाऊक आहेत. एक मुंबईची. तिथली एक संस्था कंपन्यांचे ताळेबंद तपासते आणि त्यांना A, B, C अशी अक्षरं वाटते. ज्या कंपनीची परीक्षा, तीच परीक्षकाची फी भरते आणि यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. दुसरी पद्धत गंगाधरराव घाटग्यांची. ती म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात, एका चांदीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चालते आणि तिला दोन बोटं पुरतात.

डिसेंबरात सगळ्या विमा कंपन्या आमच्यासारख्या ब्रोकरांना नव्या वर्षाची डायरी पाठवतात. गंगाधरराव ती टेबलावर घेतात, मधलं एक पान अंगठा आणि तर्जनीत धरून डोळे मिटतात. मग फाउंटन पेननं एक टिंब देतात आणि पान उलटून शाई पलीकडे उतरली का बघतात. पुठ्ठ्याचे कोपरे दाबून बघतात. आणि सगळ्यात शेवटी दोरी. म्हणजे पानांत खूण ठेवायला वरून लोंबणारी ती रिबन. ते तिला दोरीच म्हणतात.

"नोडि, बघा रजनीबाई," ते मला दर वर्षी न चुकता सांगतात, "कंपनीला तंगी आली की पहिल्यांदा दोरी जाते. मत्ते, मग, कागद. मत्ते क्लेम."

मी रजनी. मूळची मिरजेची. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले आणि गेली बारा वर्षं 'घाटगे इन्शुरन्स ब्रोकर्स'मध्ये आहे. परवान्यावर माझं पद 'प्रमुख अधिकारी' असं आहे. ऑफिसात आम्ही दोघंच, आणि दुसरे मालक, त्यामुळे प्रमुख व्हायला फारशी स्पर्धा नव्हती. गंगाधररावांचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात होते. त्या काळातली एक तलवार अजून ऑफिसच्या भिंतीवर आहे, आणि घोड्यावर मांड ठोकल्यासारखं खुर्चीत बसायची सवयही घराण्यात उरली आहे. वय सत्तर. मराठी बोलता बोलता कन्नडात कधी शिरतात ते त्यांनाही कळत नाही.

त्यांची एक लाल कापडी बांधणीची नोंदवही आहे. चाळीस वर्षांच्या डायऱ्यांचे शेरे तिच्यात आहेत. कंपनीचं नाव, कागद, शाई, दोरी. मी पहिल्यांदा ती बघितली तेव्हा तोंडात पदर धरून हसले होते. पुढे पुढे पदर धरायचंही सोडलं. मी परीक्षा देऊन पास झालेली बाई. मला संगणकावर दोन मिनिटांत कोणत्याही कंपनीची श्रेणी काढता येते, आणि हे मी आल्यागेल्याला ऐकवायची एकही संधी सोडत नव्हते.

गेल्याच्या आदल्या डिसेंबरात 'अक्षयवट जनरल इन्शुरन्स'ची डायरी आली. गंगाधररावांनी ती हातात घेतली, उघडली, उलटी धरून झटकली.

"दोरी नाही," ते म्हणाले. "कागद पण स्वल्प पातळ झालाय. कमलाक्षीचं दुसरीकडे न्या, रजनीबाई."

कमलाक्षी शिंदे आमच्या मागच्याच गल्लीतली. शाळेचे गणवेश शिवायचा तिचा कारखाना होता. चौदा शिलाई मशीन, चौदा बायका. टी. नरसीपूरपासून कृष्णराजनगरपर्यंतच्या कितीतरी शाळांतली मुलं तिनं शिवलेल्या चड्ड्या फाडत मोठी झाली. तिचा आगीचा विमा अक्षयवटकडे होता आणि जानेवारीत त्याचं नूतनीकरण होतं.

मी संगणकावर बघितलं. अक्षयवट: A, स्थिर.

"काका, दोरीवर कंपन्या चालत नाहीत," मी म्हणाले.

त्यांनी वहीत लिहिलं: 'अक्षयवट. दोरी नाही. कागद पातळ. कमलाक्षीचं हलवावं.' आणि वही माझ्यापुढे सरकवली. मला चेव आला. मी त्याखाली लिहिलं: 'श्रेणी A, स्थिर. हलवायची गरज नाही. र.' आणि कमलाक्षीचं नूतनीकरण अक्षयवटकडेच करून टाकलं. गंगाधररावांनी वही मिटून कपाटात ठेवली. परीक्षा पास झालेल्या माणसाचा त्यांना फार आदर आहे.

एप्रिलमध्ये कमलाक्षीचा कारखाना जळाला. वायरिंगमधून ठिणगी उडाली आणि जूनसाठी रचून ठेवलेल्या कापडाच्या ताग्यांनी बाकीचं काम केलं. रविवार होता म्हणून आत कोणी नव्हतं. अक्षयवटचा सर्व्हेअर आला, फोटो काढले, महिनाभरात क्लेम मिळेल म्हणाला. महिनाभरात मिळाली ती बातमी. अक्षयवटच्या तिजोरीत खडखडाट होता आणि सरकारी विमा नियामकानं तिचे सगळे व्यवहार थांबवले होते. मी धावत संगणकाकडे गेले. शुक्रवारपर्यंत तिची श्रेणी A होती. सोमवारी ती D झाली. मधल्या B आणि C ना बहुधा शनिवार-रविवारची सुट्टी होती.

कमलाक्षी जिना चढून वर आली. बसलीसुद्धा नाही.

"मामा, आता काय करायचं?" तिनं गंगाधररावांना विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी संगणकाकडे बघितलं.

आता ब्रोकरलासुद्धा विमा असतो, हे फार लोकांना माहीत नसतं. आमच्या चुकीनं गिऱ्हाइकाचं नुकसान झालं तर ते भरून देणारी पॉलिसी. ती घेतल्याशिवाय आम्हाला परवानाच मिळत नाही. आमची होती 'अभेद्य जनरल'कडे. तिच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: 'विमा कंपन्यांची आर्थिक ताकद आपण कशी तपासता?' गंगाधरराव म्हणाले होते, डायरी लिहा. मी लिहिलं होतं, 'मान्यताप्राप्त संस्थेच्या श्रेणीवरून.' आता अभेद्यला कळवणं भाग होतं. कळवलं. चार दिवसांत बेंगळुरूहून निशांत नावाचा त्यांचा अधिकारी आला. मूळचा पुण्याचा, तिशीचा, अतिशय नम्र. इतका नम्र, की त्याच्या बोलण्यातलं नुकसान घरी गेल्यावर लक्षात येत असे.

"मॅडम, सगळ्यात महत्त्वाचं," तो म्हणाला, "कोणीही काहीही कबूल करायचं नाही. पॉलिसीची अट नंबर सात."

"कबूल म्हणजे?"

"म्हणजे सॉरी, चुकलं, आमच्यामुळे झालं, असं काहीही. आमच्या लेखी परवानगीशिवाय बोललात तर कव्हर गेलं."

"मग कमलाक्षीला भरपाई कशी मिळणार?"

"तुमची चूक असेल तर आम्ही देऊ ना!"

"म्हणजे चूक होती असं म्हणायचं?"

"छे छे! म्हणालात तर आम्ही देणार नाही."

गंगाधरराव खुर्चीत पुढे सरकले. त्यांना वाटलं, आपलं मराठी कच्चं पडतंय. मी त्यांना खुणेनं सांगितलं की मिरजेच्या मराठीलाही हे कळत नाहीये.

"सोपं आहे सर," निशांत म्हणाला. "तुम्ही पॉलिसी दिली तेव्हा अक्षयवटला A होता. तुम्ही तो बघितला होता. मग तुमची चूकच नाही. चूक नाही, म्हणजे आमचं काही देणं नाही. अभिनंदन!"

"आणि समजा," मी विचारलं, "A असूनही आम्हाला शंका आली असती तर?"

"लेखी?"

"समजा, लेखी."

"मग तुम्हाला आधीपासून माहीत होतं. आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीला कव्हर नसतं. म्हणजे तेव्हाही आमचं काही देणं नाही. तुमच्या खिशातून जाईल."

"अहो, मग तुम्ही देता तरी कधी?"

निशांतनं प्रामाणिकपणे विचार केला. तो प्रामाणिक होता, हीच तर पंचाईत होती. "चूक झालेली पाहिजे," तो बोटांवर मोजत म्हणाला, "पण ती होताना तुम्हाला कळलेली नको, आणि झाल्यावर तुम्ही ती म्हटलेली नको." मग जरा थांबून म्हणाला, "अशी केस माझ्या बघण्यात अजून आलेली नाही."

जाता जाता त्यानं विचारलं, "ऑफिसात या विषयावर कुठे काही लिहिलेलं नाही ना?"

माझी नजर कपाटाकडे गेली. गंगाधरराव छताकडे बघत म्हणाले, "इल्ला. काही नाही."

बारा वर्षांत मी या माणसाला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. निशांत गेल्यावर मी कपाट उघडलं. लाल वही जागेवर नव्हती. मी कपाट बंद केलं आणि काही विचारलं नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं. मनात म्हणाले, म्हातारा स्वतःची कातडी वाचवायला शिकला. माझी आपोआप वाचत होती, ते मी मनातही म्हणाले नाही.

त्यानंतर अभेद्यनं आमच्या तोंडाला कुलूप घातलं आणि किल्ली बेंगळुरूला ठेवली. कमलाक्षी पत्र लिहायची. उत्तराचा मसुदा अभेद्यकडून मंजूर होऊन यायचा. एक मला अजून पाठ आहे: 'आपले पत्र मिळाले. पत्र मिळाले याचा अर्थ त्यातील मजकूर आम्हांस मान्य आहे, नाही, अथवा समजला आहे, असा घेऊ नये.' आमच्या लेटरहेडच्या तळाशी गंगाधररावांच्या वडिलांपासून 'चूकभूल द्यावी घ्यावी' छापलेलं होतं. निशांतनं ते बघून कपाळावर हात मारला. "मॅडम, हे तर तुम्ही आधीच छापून ठेवलंय!" त्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवून पत्रं जाऊ लागली. पट्ट्या मी कापत होते आणि गंगाधरराव चिकटवत होते. तिकडे जून आला, शाळा उघडल्या, कमलाक्षीच्या शाळांनी दुसरीकडून गणवेश घेतले आणि तिच्या चौदा बायका चौदा दिशांना गेल्या. पुढच्या जूनची कामं दिवाळीनंतर ठरतात. तोवर मशीन आली नाहीत तर शाळा कायमच्या हातच्या जाणार होत्या, हे ती प्रत्येक पत्रात लिहीत होती.

मग दसरा आला.

इथे आपटा नाही, शमी. तिला बन्नी म्हणतात. विजयादशमीला गंगाधरराव शमीची पानं घेऊन प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी जातात. पानं हातात देतात, मान झुकवतात आणि म्हणतात, "वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला." त्यांच्या वडिलांनी हेच केलं, आजोबा फौजेत हेच करायचे म्हणे. मी हे सहज निशांतच्या कानावर घातलं. फोनवर त्यानं मला ते पुन्हा सांगायला लावलं.

"म्हणजे सर दर वर्षी सगळ्या गिऱ्हाइकांकडे जाऊन कबुलीजबाब देतात?"

"अहो, सण असतो तो."

"मॅडम, यंदा नाही. निदान त्या बाईंकडे तरी नाही."

दोन दिवसांत त्यानं मंजूर मजकुराचं कार्ड पाठवलं: 'विजयादशमीच्या शुभेच्छा. सोबतची पाने केवळ सणानिमित्त असून त्यांमुळे कोणतेही दायित्व निर्माण होत नाही.' मी ते गंगाधररावांना वाचून दाखवलं. मी त्यांच्याकडून शब्द घेतला की कमलाक्षीकडे ते फक्त पानं देतील, तोंड उघडणार नाहीत. त्यांनी शब्द दिला. आणि तरीही मी ठरवलं, आपण बरोबर जायचं. पहारा म्हणून.

आदल्या दिवशी आयुधपूजा. म्हैसूरला या दिवशी ज्याचं जे हत्यार त्याची पूजा होते. रिक्षांना झेंडू, बसला केळीचे खुंट, दारापुढे कोहळा फोडायचा. आमच्याकडे तलवार, संगणक, प्रिंटर, पंचिंग मशीन. मी सगळ्यांना कुंकू लावत होते तेवढ्यात गंगाधररावांनी पिशवीतून जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि तलवारीशेजारी ठेवलं. लाल वही.

मी बघतच राहिले.

"घरी देवाजवळ ठेवली होती," ते माझी नजर चुकवत म्हणाले. "पण आजच्या दिवशी हिला कसं सोडायचं? माझं हत्यार हेच, अल्वा?" आणि कोहळा घेऊन खाली गेले.

मी हातातलं कुंकू तसंच ठेवलं आणि वही उघडली. ते पान शोधायला वेळ लागला नाही. वरती त्यांची ओळ होती: 'दोरी नाही. कागद पातळ. कमलाक्षीचं हलवावं.' त्याखाली माझी ओळ नव्हती. तिच्यावर शाईचा जाड, काळा पट्टा ओढलेला होता. आणि त्याखाली त्यांच्याच अक्षरात, नव्या शाईत लिहिलं होतं: 'हलवू नये असं मीच ठरवलं. गं. घाटगे.'

खाली रस्त्यावर कोहळा फुटल्याचा आवाज झाला. ते जिना चढून आले तेव्हा वही माझ्या हातात होती.

"काका, हे काय केलंत?"

"कुणाला सापडली असती तर?" ते म्हणाले. "परवान्यावर तुमचं नाव आहे, रजनीबाई. तुम्हाला अजून पंधरा वर्षं काम करायचंय. माझं काय, आयतु, झालं."

"मग जाळून टाकायची होतीत."

"चाळीस वर्षांची वही कशी जाळू?" ते खुर्चीत टेकले. "दाखवली तर अभेद्य देत नाही. लपवली तरी देत नाही. रोज बेळग्गे उठून तेच डोक्यात. कमलाक्षीला द्यायचं कसं ते काही उमजत नाही बघा."

मी पाच महिने या माणसाला कातडी वाचवणारा समजत होते. वाचवत होता, पण माझी. मला इतकी लाज वाटली, की रडूसुद्धा आलं नाही. मी मुकाट्यानं वहीला कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आपापली पानं घेऊन कमलाक्षीकडे गेलो. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत फळीवर पाट मांडला होता आणि पाटावर एकच मोठी कात्री. तिला हळदकुंकू, झेंडूचं एक फूल.

"कूतकोळ्ळि मामा, बसा," कमलाक्षी म्हणाली. मी कात्रीकडे बघतेय हे तिनं बघितलं. "ही त्या दिवशी धार लावायला घरी आणली होती. सुम्ने, अशीच वाचली. आयुधपूजा तर करायला पाहिजे ना, अक्का?"

गंगाधररावांनी शमीची पानं पुढे केली. मान झुकवली. त्यांचे ओठ उघडले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटले. एवढा थोरला माणूस, तोंडात शब्द येऊनही ते गिळून, झुकलेल्या मानेनं तसाच उभा राहिला. माझ्या पर्समध्ये ते मंजूर कार्ड होतं.

कमलाक्षीनं पानं घेतली नाहीत. ती वाट बघत होती. दर वर्षीचे ते चार शब्द यायचे होते.

"मामा," ती शेवटी म्हणाली, "यंदा तुम्ही काही बोलला नाही. म्हणजे माझीच चूक ना?"

"तुझी?" मी विचारलं.

"घरात सगळे तेच बोलतात. फॉर्मवर मी कुठं तरी चुकीची सही केली, म्हणून विमा बुडाला. हे तर रोज म्हणतात, तुला काय कळतं त्यातलं. तुमची पत्रं मी चार-चारदा वाचली, अक्का. कुणाची चूक ते त्यात कुठंच नाही. मी म्हटलं, मामा तर खोटं लिहिणार नाहीत. तोंडावर कसं सांगायचं म्हणून असं लिहितात. नन्दे तप्पु अंत मीच मनाला सांगितलं. माझीच चूक." तिनं पदरानं कात्रीच्या पात्यावरचं कुंकू उगाचच पुसलं. "त्या चौदाजणींना मी तेच सांगितलं. माझ्यामुळे गेलं म्हणून."

अट नंबर सात मला तोंडपाठ होती. पाच महिने मी तिला सांभाळलं होतं, स्वतःच्या मुलीच्या कुंडलीसारखं. आणि त्या अटीनं काय केलं होतं, तर आम्ही जी चूक कोणाचीच नाही म्हणत होतो, ती हिच्या दारात नेऊन टाकली होती. चूक अशी हवेत राहत नाही. कोणीतरी ती उचलतंच. आम्ही उचलली नाही, म्हणून हिनं उचलली.

"कमलाक्षी," मी म्हणाले, "तुझी सही बरोबर होती. फॉर्म मी भरला होता. काकांनी मला डिसेंबरातच सांगितलं होतं, ही कंपनी ठीक दिसत नाही, तुझं दुसरीकडे न्या. मी हसले. मी संगणकावरचं अक्षर बघितलं आणि त्यांचं ऐकलं नाही. चूक माझी आहे. पूर्ण माझी. आणि ती मला मे महिन्यापासून माहीत होती."

गंगाधरराव म्हणाले, "रजनीबाई..." पण त्यांच्या आवाजात अडवण्याचा जोर नव्हता. सुटल्यासारखे ते खाली बसले.

मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा हात धरेल, किंवा असू दे म्हणेल. माणूस कबुली देतानाही बक्षिसाची वाट बघतोच. कमलाक्षीनं तसं काही केलं नाही.

"मे महिन्यापासून," ती म्हणाली. "मत्ते जूनमध्ये माझ्या बायका रडत गेल्या, तेव्हा तुम्हाला माहीत होतं. तेव्हा का नाही सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर होतं, अट नंबर सात. ते मी दिलं नाही. तिनं गंगाधररावांच्या हातची पानं घेतली, डोळ्यांना लावली, त्यांच्या पाया पडली. माझ्या हातची घेतली नाहीत. मी ती परत आणली.

निशांतचा फोन दुसऱ्या दिवशी आला. "मॅडम, त्या बाईंकडे सगळं शांतपणे पार पडलं ना?"

"मी सांगितलं तिला. चूक माझी होती म्हणून."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग तो कुजबुजत म्हणाला, "लेखी नाही ना दिलं? मग झालंच नाही. मी ऐकलंच नाही, मॅडम. तुम्ही मला आत्ता फोनच केला नाही."

"फोन तुम्ही केलाय."

"तेही मी बघतो."

मला त्याची दया आली. चांगल्या घरचा मुलगा, पण अभेद्यनं त्याला चांगलाच तयार केला होता. मी म्हणाले, "लेखी आजच देते. तिला, आणि त्याची प्रत तुम्हाला." आणि दिलं. घडलं ते तारखांसकट, काळ्या पट्ट्याखाली माझी ओळ होती हेही, नोंदवहीच्या पानाच्या फोटोसह. जुन्या लेटरहेडवर, तळाची ओळ न झाकता. खाली गंगाधररावांनी सही केली. सही करताना मी त्यांना विचारलं, "काका, हे तुमच्या खिशातून जाणार, कळतंय ना?"

"जागा आहे ना," ते आजूबाजूला बघत म्हणाले.

म्हणून आता आमच्या ऑफिसचा पुढचा हॉल कमलाक्षीचा आहे. मशीन कुठून आली त्याचा हिशेब मी इथे देत बसत नाही. गंगाधररावांची गाडी गेली आणि माझी एक ठेव मोडली, एवढं पुरे. मशीन सहा आहेत, चौदा नाहीत. सहाजणी परत आल्या, आठजणी आल्या नाहीत. आठांपैकी दोघींच्या घरी मी स्वतः जाऊन आले, त्यांनी दार उघडलं आणि मिटलं. कमलाक्षीला दिवाळीनंतर तीन शाळांची कामं मिळाली. माझ्याविरुद्ध अभेद्यनं नियामकाकडे कळवलं आहे, त्याचं काय व्हायचं ते होईल. कमलाक्षी माझ्याशी कामापुरतं बोलते. अक्का म्हणते. पानांचं मात्र पुढच्या दसऱ्याला बघू.

डिसेंबरात अभेद्यचं पार्सल आलं. पाकीट एकच होतं. बहुधा टपालखर्च वाचवायला त्यांनी त्यात आमचा क्लेम नाकारल्याचं पत्र आणि नव्या वर्षाची डायरी, दोन्ही एकत्र घातलं होतं. पत्रात सणासुदीच्या शुभेच्छाही होत्या. मी सवयीनं संगणकावर बघितलं. अभेद्य: A, स्थिर.

गंगाधररावांनी डायरी उघडली, पान बोटांत धरलं, शाईचं टिंब दिलं. उलटून बघितलं. "कागद ठीक आहे. दोरी आहे," ते म्हणाले, आणि त्यांना जरा निराशाच झालेली दिसली.

कमलाक्षी तेवढ्यात धाग्याची रिळं मागायला आत आली होती. तिनं डायरी हातात घेतली. रिबन दोन बोटांत धरून पाठीशी जिथे ती जोडली होती तिथे नखानं चाचपली, आणि शिंप्याच्या हातानं एक बारीकसा झटका दिला. रिबन अख्खी तिच्या हातात आली.

"मामा, ही आत शिवलेली नाही," ती म्हणाली. "वरनं चिकटवलेली आहे, नुसती दिसायला."

बाहेर सहा मशीन चालू होती. गंगाधररावांनी कपाटातून लाल वही काढली, नवं पान उघडलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"तुम्ही लिहा, रजनीबाई."

अभेद्यकडे आमच्या त्रेचाळीस गिऱ्हाइकांचे विमे आहेत. मी लिहिलं: 'अभेद्य. दोरी चिकटवलेली. सगळ्यांचं हलवावं.' खाली नुसतं 'र' लिहिणार होते. कमलाक्षी बघत होती. मी पूर्ण नाव लिहिलं.